वैशाखात भरलेली नाव

आमच्या घरात बोलण्यापेक्षा ठोकण्याचाच आवाज जास्त. पुलगावच्या गिरणीचा भोंगा सकाळी व्हायचा, पण त्याच्या आधीच बाबाची करवत सुरू झालेली असायची. आधी करवत, मग लाकूड तासायचा वाकस, मग मोगरी. मोगरी म्हणजे लाकडी हातोडा. कोणाच्या दारातली नाव कुठवर आली हे आम्ही पोरं अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून सांगायचो. नाचणगावाकडून नदीला उतरलं की काठावर आमची वस्ती होती, नावपुरा. घरं थोडी, आणि प्रत्येक घरासमोर एक नाव, कुठं नुसता सांगाडा, कुठं फळ्या चढलेली. घरापेक्षा नाव मोठी, त्यामुळे दुपारी सावलीला आम्ही घरात जात नसू, नावेखाली जाऊन बसायचो. माझा अभ्यास, जो काही झाला तो, नावेखाली झाला. चौथीपर्यंत शिकले. तेवढ्यावरच हे लिहिते आहे.

वर्धा नदीवर तेव्हा रेल्वेचा पूल होता, पण तो रेल्वेचा. पलीकडच्या काठच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांना पुलगावच्या बाजारात यायचं तर नावच लागायची. सगळ्या नावा आमच्याकडं बांधल्या जायच्या. आता मी सिंदी मेघेत मुलाच्या घरी दुसऱ्या मजल्यावर राहते. नातीला एकदा सांगितलं की आम्ही नावा बांधायचो, तर ती म्हणाली, आजी, वर्ध्यात समुद्र कुठं आहे? तिला काय सांगणार. वर धरण झालं, मोटारीचा पूल झाला, वाळू उपसून नदीचे खड्डे झाले. नावपुऱ्यात आता सिमेंटची घरं आहेत आणि एकाही दारात नाव नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं असंही नाही. ते जगणं काही गोड नव्हतं.

अंगणात एका चुलीवर जवसाच्या तेलात राळ उकळत असायची आणि दुसऱ्या चुलीवर भाकरी. राळेच्या वासानं डोळे चुरचुरायचे. भाकरीला तोच वास, वाळल्या झिंग्यांच्या भाजीला तोच, आमच्या केसांना तोच. शाळेत माझ्या बाजूची पोरगी सरकून बसायची. लाज म्हणजे काय ते मला तिनं शिकवलं, पण ती साधी लाज होती. अंघोळ केली की थोडी कमी व्हायची. मी ज्या लाजेबद्दल सांगणार आहे ती वेगळी आहे, आणि ती माझी कमाई नाही.

आमच्याकडं लाकूड पुरुषांचं आणि फटी बायांच्या. फळीला फळी जोडली की मधे फट राहते. त्या फटीत कापूस भरायचा आणि वरून राळ ओतायची. कापसाचे पेळू वळायचे, सूत कातायला वळतात तसेच, फक्त जाड. मग बोथट छिन्नीनं पेळू फटीत बसवत जायचा. हे दिसायला सोपं आहे आणि करायला अजिबात सोपं नाही. कारण लाकूड पाणी पितं. उन्हाळ्यात बांधलेली नाव कोरडी ठणठणीत असते, ती पाण्यात गेली की फुगते आणि फटी आपोआप आवळतात. म्हणून कापूस सैल भरायचा. फळीला फुगायला जागा ठेवायची. किती सैल, हे महिन्यावर आणि लाकडावर असतं, आणि ते बोटाला समजावं लागतं. भरून झाली की नाव उथळ पाण्यात नेऊन आत दगड टाकून बुडवून ठेवायची. याला आम्ही नावेला पाणी पाजणं म्हणायचो. नवा माणूस ते पाहून म्हणायचा, अरे, नवी नाव बुडाली की. पाणी पिऊन झालं की दगड काढायचे, पाणी उपसायचं, आणि मग ती नाव वर्षानुवर्षं गळत नसे.

माझ्या मायचा हात नावपुऱ्यात सगळ्यात चांगला धरत. दुसऱ्यांच्या नावा भरायलाही तिला बोलावणं यायचं. बोलवायला येणारा माणूस दाराशी चपला काढून उभा राहायचा आणि कौसाबाई म्हणायचा. एरवी घरात तिला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. बाबाची हाक म्हणजे ‘अवं’. तिला जो काही मान होता तो त्या हाताचा होता, आणि तिला तो पुरत होता. आमच्यात आणखी एक रीत होती. नवी नाव पहिल्यांदा पलीकडं जायची तेव्हा जिनं ती भरली ती बाई नावेत मधल्या फळीवर बसायची, एखादं लेकरू घेऊन. तिच्या भरण्यावर तिचाच जीव आधी. बहुतेक वेळा ते लेकरू मी असायची. पाय फळीवर, आणि खाली नदी. मायच्या पोटाला पाठ टेकून मी कधी घाबरले नाही.

बाबा वाईट माणूस नव्हता. मारझोड करत नव्हता, दारू पीत नव्हता. त्याला हसलेलं सहन होत नव्हतं, एवढंच. एका वर्षी त्याच्या नावेनं पाणी प्यायच्या आधीच कोणीतरी तिला घाईनं नदीत ढकललं आणि ती जरा गळाली. सगळ्याच कोरड्या नावा गळतात. पण बाबाचा धाकटा चुलतभाऊ नथ्थूकाका काठावर उभा होता आणि त्याला गप्प बसायची सवय नव्हती.

“गनपतदादा,” तो म्हणाला, “नाव बांधली का चाळनी? पीठ बी चाळता यीन हिच्यात.”

लोक हसले. बाबाही हसला, पण घरी येऊन जेवला नाही.

पुढच्या वैशाखात पलीकडच्या पुंजारामची नाव बांधायला आली. पुंजाराम भाजीवाल्यांत जरा मोठा माणूस, त्याच्या नावेत सगळ्या गावाची वांगी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात यायचे. बाबानं लाकूड सुंदर जोडलं होतं. माय भरायला बसली, मी पेळू वळत होते. ऊन असं की छिन्नी हातात धरवत नव्हती. बाबा आला, त्यानं फटीत बोट घातलं आणि म्हणाला, आणखी भर.

“अवो, वैशाख आहे,” माय म्हणाली. “लाकूड वाळून कडक झालं. इतकं भरलं तं फुगल्यावर त्यानं जायचं कोठी?”

“या बारीनं एक थेंब आत येता कामा नाई. दाबून भर.”

“दाबून नाई भरत मी.”

“नाव कोनाची? म्या बांधली का तू?”

“बांधली तुमी. भरून राह्यली मी.”

मग बाबानं स्वतः मोगरी घेतली. मायनं बसवलेल्या पेळूवर त्यानं दुसरा पेळू ठेवला आणि वरून मोगरी मारली, मोठी, फळ्या बसवायला असते ती. फळीवर मोगरीचे वळ उठले. तो एक फट ठोकायचा आणि मायला म्हणायचा, हे अशी पाह्यजे. मग तिनं पदर खोचला आणि तो सांगत होता तशी भरत गेली. पेळू संपले की नुसता हात पुढं करायची.

नावेला पाणी पाजायचं बाबानं ठेवलंच नाही. गळतच नाही तर पाजायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. नाव सरळ नदीत ढकलली. आणि खरंच एक थेंब आत आला नाही. माय आणि मी मधल्या फळीवर बसून पलीकडं गेलो, परत आलो, माझा परकर कोरडा. नथ्थूकाकानं आत हात फिरवून पाहिला आणि कोरडाच बाहेर काढला. बाबा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला. मायनं वाढल्या आणि ती नदीकडं पाहत बसली. लाकूड फुगायला वेळ लागतो. तिला ते माहीत होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी काठावर भांडी घासत होते. पुंजारामची नाव पलीकडून निघाली होती, भाजीनं आणि माणसांनी भरलेली. मधे आली आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. मग आणखी एक. फुगलेल्या फळ्यांना जागा नव्हती, त्यांनी खिळे उपटले. एक फळी बाजूनं सुटून उभी राहिली आणि नाव एका अंगावर गेली. नदी वैशाखातली, डोह सोडला तर छातीभर पाणी. आमची माणसं लगेच छोटे डोंगे घेऊन धावली. कोणी मेलं नाही. पुंजारामची म्हातारी माय पाणी प्यायली होती, तिला पालथी घालून पाठ चोळावी लागली. भाजी मात्र सगळी गेली.

ती भाजी वाहत आमच्या दारासमोरून गेली. वांगी तरंगतात. जांभळी वांगी, हिरव्या मिरच्या, सांभाराच्या जुड्या, नदीभर पसरलेल्या. नावपुऱ्यातली पोरं पाण्यात उतरली आणि परकरात, टोपल्यात, सदऱ्यात वांगी गोळा करायला लागली. त्यांना वाटलं जत्राच आहे. दुपारी वस्तीतल्या प्रत्येक चुलीवर वांग्याची भाजी होती, आणि तो वास राळेच्या वासाच्याही वर चढला होता. आमच्याही दाराशी कोणीतरी टोपली ठेवून गेलं. मायनं ती उचलून बाहेर उकिरड्यावर पालथी केली. तेल नसलं तरी वांगं फेकायची सोय नव्हती त्या घरात, पण तिनं फेकलं. मला भूक होती आणि मला त्या वांग्यांचं वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी पलीकडचे लोक आले. काठावर फुटलेली नाव ओढून आणली होती, तिच्याभोवती सगळे जमले. पुंजाराम रागावलेला नव्हता, तेच जड गेलं. त्यानं सांगितलं की आम्हाला पैसे नकोत, आम्हाला नाव पाहिजे, पावसाळ्याच्या आत पाहिजे, नदी चढली की आमचा बाजार बुडतो. बाबा हो म्हणाला. मग पुंजाराम म्हणाला, आमाले भांडन नाई करायचं, फक्त सांगा, असं झालं काऊन?

माझा दंड मायच्या हातात होता. सगळे बाबाकडं पाहत होते.

“लाकडात खोट नाई,” बाबा म्हणाला. “पाहून घ्या. भरनं मी नाई पाहत. ते बायांचं काम आहे.”

मी तोंड उघडलं तशी मायनं दंडाला असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुंजारामनं तिच्याकडं वळून विचारलं, बाई, तुमी भरली होती?

“हो,” माय म्हणाली. “मी भरली.”

एवढंच. माझी माय सोशीक वगैरे नव्हती. पाण्याच्या घागरीवरून ती अर्ध्या वस्तीशी भांडलेली होती. ती गप्प राहिली, कारण तिला वाटलं आता हा स्वतः बोलेल. चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, पण त्याला खरं बोलायला जागा ठेवायची, असा तिचा हिशेब असावा. बाबा नदीकडं पाहत राहिला. आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक नाव बांधणाऱ्याला खरं काय ते कळलं होतं. फळ्यांवर मोठ्या मोगरीचे वळ होते. बाई त्या मोगरीनं भरत नसते. नथ्थूकाका त्या वळांवरून बोट फिरवत होता, आणि ज्याला गप्प बसायची सवय नव्हती तो नेमका त्या दिवशी गप्प बसला. त्यांनाही बायका होत्या. उद्या त्यांचीही नाव फुटली असती, तर त्यांनाही हेच म्हणता आलं पाहिजे होतं.

त्यानंतर मायला कोणी बोलावलं नाही. पलीकडची गिऱ्हाइकं आधीच सांगून ठेवायची की कौसाबाईचा हात नको. शाळेच्या वाटेवर पोरं मला म्हणायची, हिच्या मायनं वांगी धुतली. मला वांग्यांची लाज नव्हती. घरी यायचं, बाबा जेवायला बसलेला असायचा, माय त्याला वाढत असायची, आणि तो ‘मीठ दे’ म्हणायचा, सगळं पहिल्यासारखं. मला त्या ‘मीठ दे’ची लाज वाटायची. त्याच्याकडं पाहवत नसे. बापाची लाज वाटणं ही फार घाणेरडी गोष्ट आहे, कारण ती कोणाला सांगता येत नाही.

दुसरी नाव उभी राहिली. लाकूड पुन्हा सुंदर. आता ती भरणार कोण? बाबा वस्तीत एकेका घरी गेला. एकीचा हात दुखत होता, एकीकडं पाहुणे होते, एकीनं तर दारच लोटलं. नथ्थूकाकाची बायको जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कधी बोलत नसे, आमच्यात तशी रीतच नव्हती. ती पदर ओढून दाराआडून माझ्याशी बोलली, बाबा समोर उभा असताना.

“सुभे, तुह्या बाबाले सांगजो, नाव मी भरून देईन. पन फुटली तं या बारीनं कोनाचं नाव घ्यायचं, ते आधी ठरवून ठेवा म्हना.”

बाबानं ते ऐकलं आणि मी ते त्याला पुन्हा सांगावं की नाही हे मला कळेना. आम्ही तसेच घरी आलो. माय भाकरी थापत होती. बाबा उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, तूच भरून दे.

“देईन,” माय म्हणाली. “जे लोकांपुढं म्हटलं, ते लोकांपुढं माघारी घ्या.”

“मंग काय दवंडी पिटू?”

“दवंडी नका पिटू. एक डाव सांगा.”

तव्यावरची भाकरी फुगली, तिनं ती उतरवली, दुसरी टाकली. बाबा उठून गेला. नाव काठावर कोरडी उभी राहिली. आभाळ भरून यायला लागलं होतं, पुंजारामचा माणूस पलीकडून येऊन पाहून जायचा. येणारे-जाणारे पाहून जायचे. बाबा नावेभोवती फिरायचा, इथं ठोक, तिथं तास, काम नसताना काम. आम्ही सगळे वाट पाहत होतो. एक वाक्य होतं, लहान मुलाला पाठ होईल एवढं.

शेवटी त्यानं स्वतः भरली. पेळू मीच वळून दिले, त्यानं ते सैल बसवले, आणि या वेळी बरोबर बसवले. म्हणजे त्याला कळत होतं. पाणी पाजलं. पुढचं आधीच सांगून टाकते, माय त्यानंतर कधीच नाव भरायला बसली नाही. ती पलीकडच्या लोकांची भाजी घेऊन पुलगावच्या बाजारात विकायला बसू लागली आणि त्यात तिचं बरं चाललं. वस्तीतल्या बाकीच्या बायाही हळूहळू हात काढून घेत गेल्या, आणि फटी पुरुषच भरायला लागले.

पहिल्या फेरीच्या दिवशी काठावर सगळा नावपुरा जमला. मधल्या फळीवर भरणारीनं बसायचं, तर तिथं बाबाला बसावं लागलं. वल्हं नथ्थूकाकानं घेतलं. लेकरू पाहिजे म्हणून मला हात धरून नावेत घेतलं. मी बाबाच्या मांडीवर बसले नाही, बाजूला बसले. माय काठावर बायांच्या मागं उभी होती.

पलीकडं पुंजारामची माय ताट घेऊन उभी होती. नाव पोचली की त्या काठच्या बाया भरणारीची ओटी भरायच्या, खण, नारळ, तांदूळ. म्हातारीनं इकडं तिकडं पाहिलं आणि विचारलं, भरनारी कोठी आहे?

“म्याच भरली, आजी,” बाबा म्हणाला.

“तू? काऊन, बायको मेली का?”

नथ्थूकाका वल्ह्याकडं पाहायला लागला. बाबानं मान खाली घातली आणि मग तो बोलला, हळू, पण मला स्वच्छ ऐकू आलं. “मांगची नाव बी म्याच दाबून भराले लावली, आजी. ते नाई म्हनत होती.”

म्हातारीनं ताट खाली ठेवलं. त्या नावेत तिच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं.

“हे तुह्या काठावर सांगतलं का?”

बाबा फळीवरची राळ नखानं खरवडायला लागला.

“मंग मले काऊन सांगून राह्यला? तिकडं सांग ना, बाप्पा.” तिनं खण उचलून माझ्या हातात दिला. “हे तुह्या मायले देजो.”

आम्ही परत निघालो. मी खण छातीशी धरला होता, हिरवा, काठ लाल. बाबाचे ओठ हलत होते. मला वाटलं तो वाक्य जुळवतो आहे. काठ जवळ आला तशी मी उठून उभी राहिले, आता बोलणार म्हणून. नाव वाळूला लागली. मी उडी मारून मायकडं गेले आणि सगळ्यांसमोर खण तिच्या हातात दिला.

मायनं तो उलटून पाहिला. मग बाबाकडं पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “हे मले काऊन देलं त्याईनं?”

याहून जास्त जागा कोणती बाई कोणत्या नवऱ्याला देणार? सगळी वस्ती ऐकत होती. नथ्थूकाकानं वल्हं खाली ठेवलं होतं.

“नाव चांगली झाली म्हनून,” बाबा म्हणाला.

माय पुढं गेली. तिनं खण बाबाच्या हातात ठेवला. “नाव मी नाई भरली,” ती म्हणाली, “ज्यानं भरली त्याची ओटी भरा,” आणि वळून न पाहता वर घराकडं चालायला लागली. कोणी हसलं नाही. नथ्थूकाकासुद्धा नाही. बाया तिच्यामागं निघाल्या, मग पुरुषही एकेक करून उतारावरून वर गेले. बाबा हातात खण घेऊन पाण्यात उभा होता. मी थांबले. मला वाटलं, आता कोणी नाही, निदान मला तरी सांगेल.

“सुभे, दोरी धर,” तो म्हणाला.

मी दोरी धरली.